घरातला खेळ आणि घरातली बाई

(मोखाडा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



रोजगार, रेशन, पाणी, मारहाण या विषयांवर बोलून झाल्यावर आता लहान मुलांच्या खेळावर बोलायचं, म्हणजे काहीजणींना हा विरंगुळ्याचा विषय वाटेल. मला तसं वाटत नाही. घरात मूल कोण खेळवतं, कोणत्या वेळात खेळवतं आणि त्यापायी कोणाचा खेळ बुडतो, हे प्रश्न बाईच्या श्रमाचे आहेत. म्हणून ते आपले आहेत.

जव्हार-मोखाड्याचं नाव महाराष्ट्रभर झालं ते बालमृत्यूंमुळे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बातम्या आल्या आणि सगळे हादरले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून आपण मुलाचं वजन, उंची, दंडाचा घेर याबद्दल बोलत आलो. ते बोललंच पाहिजे. पण मूल म्हणजे नुसतं वजन नव्हे. खंगलेलं मूल हसत नाही, हात पुढे करत नाही, काही मागत नाही. मागत नाही म्हणून त्याच्याशी कोणी बोलत नाही. भूक आणि अबोला असे दोन्ही त्याच्या वाट्याला येतात.

याबद्दल एक अभ्यास तुम्हाला सांगते. जमैका हा आपल्यासारखाच गुलामी आणि गरिबी भोगलेला देश. तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली. वय ९ ते २४ महिने. काहींना दूध पावडर दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला आणि मुलाला खेळ दाखवत. काहींना दोन्ही मिळालं, काहींना दोन्हींतलं काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. नुसतं दूध मिळालेली मुलं सुधारली, नुसता खेळ मिळालेलीही सुधारली. पण दोन्ही मिळालेली सगळ्यांच्या पुढे गेली. ती मुलं बावीस वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधली, तेव्हा ज्यांना खेळ मिळाला होता त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. खेळणी कसली होती? रिकाम्या बाटल्या, खोके, चिंध्या यांची घरी केलेली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, खेळाने पोट भरत नाही. आहार, दवाखाना, रोजगार यांची जबाबदारी सरकारची आहे, आणि 'आईने मुलाशी खेळावं' असं सांगून ती कोणाला झटकता येणार नाही. दुसरी, खेळवायला पैसा किंवा मोठं शिक्षण लागत नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या डहाणू तालुक्यात फार आधी सिद्ध झाली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बाया बालवाडीच अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. महागड्या साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पानं, बांबू वापरले. आपल्याकडे हे सगळं दारातच आहे.

आता तुम्ही विचाराल, वेळ कुठे आहे? रास्त प्रश्न आहे. याच तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण २०१४ साली पुरं झालं. पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला 'रोज अर्धा तास मुलाशी खेळ' असं सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर तिसरा हंडा ठेवणं. म्हणून मी वेगळा वेळ मागत नाही. चालू कामातच मुलाला सामील करून घ्यायचं.

तान्ह्या बाळाला दूध पाजताना, तेल लावताना त्याच्या डोळ्यांत बघून बोला. ते 'आ' म्हणालं की तुम्हीही 'आ' म्हणा आणि थांबा, पुढची पाळी त्याची. पदराआड तोंड लपवून 'कुक' करा. अंगणवाडीतून मिळालेला आहार भरवताना घाई करण्याऐवजी घासागणिक एक शब्द बोला. हाच त्याचा पहिला धडा.

नागलीची भाकरी थापताना दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पिठाचा गोळा द्या, चुलीपासून लांब बसवून. 'माझी मोठी, तुझी लहान' एवढं म्हटलं तरी मोजमाप सुरू होतं. कडधान्य निवडताना मोठ्या मुलाला वाल, तूर, उडीद वेगवेगळ्या द्रोणांत टाकू द्या. तीन वर्षांखालच्यांना बिया देऊ नका, ती नाका-कानात घालतात. त्यांना वाटी, लाकडी चमचा, मक्याचं कणीस पुरतं.

रानात गेलात की सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून दाखवा, हात लाल होतो. पळसाच्या पानांना काडी टोचून द्रोण करायला शिकवा. त्याच पळसाच्या पानाला डोळ्यांची भोकं पाडली की बोहाड्याचं सोंग तयार. तांदळाच्या पिठाचं पाणी आणि बांबूची काडी दिली की मूल सारवलेल्या जमिनीवर चित्र काढतं. लग्नाचा चौक लिहिणारा हात बाईचाच होता, हे त्यालाही सांगा.

आणि हे सगळं घरच्या बोलीत करा. वारली, कोकणा, कातकरी, जी असेल ती. शाळेची मराठी शाळेत येईलच. पाखराचं, झाडाचं नाव आईच्या तोंडून ज्या भाषेत ऐकलं, त्याच भाषेत मूल विचार करू लागतं. त्या बोलीची लाज मुलाच्या मनात पेरू नका.

आता खरा अवघड भाग. आई कामाला गेल्यावर मूल कोणाच्या कडेवर असतं? आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या. आपण कौतुकाने म्हणतो, पोर किती शहाणी. पण तिचंही वय खेळायचं आणि शाळेत बसायचंच आहे, आणि २००९ च्या कायद्याने तो तिचा हक्क आहे. कोसबाडला हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात ठेवली होती. भाऊ पाळणाघरात, बहीण वर्गात. आपल्या पाड्यावर पाळणाघर का नाही, ही मागणी आपण ग्रामसभेत का मांडत नाही? अंगणवाडीतलं शिकणं तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. त्याआधीची तीन वर्षं घरावर, म्हणजे आई आणि बहीण यांच्यावर टाकलेली आहेत.

आणि बाप? तो बांबूची टोपली विणतो, भोपळ्याचा तारपा वाजवतो. मग सुक्या भोपळ्यात खडे भरून, तोंड घट्ट बंद करून बाळाला खुळखुळा का करून देत नाही? संध्याकाळी आई भाकरी करत असते तेवढा वेळ मूल त्याच्या मांडीवर असावं. याला मदत म्हणू नका. मूल दोघांचं आहे.

दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबं भिवंडी, वाडा, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. भांडी, कपडे बांधताना एक छोटं गाठोडंही बांधा: कापडाचा चेंडू, चिंध्यांची बाहुली, खुळखुळा, दोन-चार डबे. भट्टीवर सगळं परकं असतं, मुलाला काहीतरी आपलं लागतं. तिथली माती तर आहेच. ती विटेसाठी मालकाची असेल, पण मुठीएवढ्या बैलासाठी मुलाची आहे.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हिशेब झाला की तीन प्रश्न विचारा. काल तुमच्या मुलाशी घरात कोण कोण बोललं? तुमच्या पाड्यावर धाकट्या भावंडासाठी शाळा सोडलेल्या मुली किती? आणि काल बापाने मुलाला किती वेळ घेतलं? उत्तरं वहीत लिहा. ती वही घेऊन अंगणवाडीत जा, ग्रामसभेत जा. खेळाची गोष्ट घरात सुरू होते, पण तिथेच संपवायची नाही.