विपश्यना आणि समाजवादी कार्यकर्ता

(वरोरा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चंद्रपूर जिल्ह्यात बुद्धाविषयी बोलावयाचे तर दूरची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. वरोऱ्याहून चंद्रपूरकडे निघाले की वाटेत भद्रावती लागते. तेथे विजासनच्या टेकडीत प्राचीन बौद्ध लेणी आहेत. त्याच भद्रावतीच्या परिसरात दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि माजरीच्या कोळसाखाणी आहेत. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्याला येऊन येथील जनसमुदायाला दीक्षा दिली. त्यामुळे बौद्ध धम्म हा या भागात केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय राहिलेला नाही. शेतमजुराच्या आणि खाणकामगाराच्या घरातील तो जिवंत विषय आहे.

याच घरांतील काही शिक्षक, कर्मचारी आणि तरुण आता विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांना जातात. चळवळीत त्याविषयी दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. काही कार्यकर्त्यांना ही संघर्षातून काढलेली पळवाट वाटते. शिबिराहून परतलेल्या काहींना उलट असे वाटू लागते की, मन शुद्ध झाले म्हणजे समाज आपोआप सुधारेल, मोर्चे आणि संप यांची गरज नाही. या दोन्ही भूमिका तपासून पाहिल्या पाहिजेत.

प्रथम विपश्यना म्हणजे काय ते पाहू. तीत देवाची प्रार्थना नाही, मंत्र नाही, मूर्ती नाही. शिबिरार्थी पंचशीलाचे व मौनाचे बंधन स्वीकारतो. पहिले काही दिवस नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देतो. याला आनापान म्हणतात. नंतर डोक्यापासून पायापर्यंत शरीरावर उमटणाऱ्या संवेदना तटस्थपणे पाहतो. सुखद संवेदना हवीशी वाटते, दुःखद नकोशी वाटते. या हव्या-नकोपणातून तृष्णा आणि द्वेष जन्मतात. संवेदना आणि तृष्णा यांमधील हा दुवा अनुभवाच्या पातळीवर ओळखणे व तो सैल करणे, एवढाच या साधनेचा हेतू आहे. तिचा शास्त्राधार सतिपट्ठान सुत्तात आहे.

या साधनेचा अलीकडचा इतिहासही समाजवाद्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचे राज्य संपले. धर्माला असलेला राजाश्रय नाहीसा झाला. त्या काळात लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने विहारापुरती राहिलेली साधना गृहस्थांना खुली केली. त्यांचे शिष्य सया थेटजी हे शेतकरी होते. थेटजींचे शिष्य ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांच्यापासून मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका ही विद्या शिकले, १९६९ मध्ये ती घेऊन भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. भिक्षू, शेतकरी, हिशेबनीस आणि व्यापारी अशी ही परंपरा आहे. जन्माने ठरलेला अधिकार तीत कोठेही नाही. शिकवण्याचे, निवासाचे वा भोजनाचे शुल्क घेतले जात नाही. ज्याने शिबिर पूर्ण केले त्याच्याकडूनच दान स्वीकारले जाते. अध्यात्माचा बाजार तेजीत असताना ही प्रथा टिकून आहे, याची नोंद टीकाकारांनीही घेतली पाहिजे.

परंतु शुल्क नाही म्हणजे खर्च नाही, असे अर्थशास्त्र म्हणत नाही. पगारी नोकर रजा काढून दहा दिवस बसू शकतो. कापूस वेचणाऱ्या बाईचे दहा दिवस म्हणजे दहा दिवसांची मजुरी, आणि तिच्यामागे घरी मुले असतात. कंत्राटी खाणकामगार दहा दिवस गैरहजर राहिला तर परतल्यावर काम उरेलच याची खात्री नाही. म्हणजे दार सर्वांना उघडे असले तरी तेथवर पोहोचण्याची ऐपत सर्वांची सारखी नाही. यात साधनेचा दोष नाही, समाजरचनेचा आहे. परंतु केवळ मन बदलण्याची भाषा करणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

स्वतः बुद्धाने तो टाळलेला नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात एका राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या व लूटमार वाढलेली असताना तो मोठा यज्ञ करू इच्छितो. पुरोहित त्याला सांगतो की, शिक्षेने हा उपद्रव थांबणार नाही. उरलेले पुन्हा उठतील. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, सेवकांना योग्य वेतन द्या. याच निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात, निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यामुळे चोरी आणि चोरीमुळे हिंसा वाढली, अशी कारणपरंपराच मांडली आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची गोष्ट येते. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी प्रवचनाला आला, तेव्हा बुद्धाने आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मगच उपदेश सुरू केला. या क्रमात बुद्धाची सारी समाजदृष्टी आली आहे.

बाबासाहेबांनी धम्माची मांडणी केली ती याच दिशेने. माणूस एकटाच असता तर त्याला धम्माची गरज नव्हती. माणसामाणसांतील व्यवहार न्याय्य असावा यासाठी धम्म आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पाहिला. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःखाचे व शोषणाचे निर्मूलन हे दोघांचेही ध्येय. भेद आहे तो मार्गाचा, असे त्यांनी तेथे मांडले. ज्यांना बाबासाहेबांमुळे बुद्ध मिळाला, त्यांनी विपश्यनेला बसताना ही मांडणी बाहेर ठेवून आत जाऊ नये.

मग कार्यकर्त्याला या साधनेचा उपयोग काय? याचे उत्तर धर्मानंद कोसंबींच्या जीवनात सापडते. गोव्यातील हा तरुण बुद्धाच्या शोधात सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश येथवर गेला, पाली शिकला, भिक्षू होऊन राहिला. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पन्नास रुपयांच्या साहाय्यावर त्याने महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचे काम आरंभिले. अमेरिकेत असताना समाजवादी विचारांचा त्यांच्यावर परिणाम झाला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. जून १९४७ मध्ये, येथून फार दूर नसलेल्या सेवाग्रामला, त्यांनी अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला. ध्यान आणि सत्याग्रह यांत त्यांना कधी विरोध जाणवला नाही. आचार्य नरेंद्र देव तर भारतीय समाजवादी चळवळीचे प्रणेते. कारावास आणि दमा सोसत त्यांनी बौद्ध दर्शनाचा व्यासंग केला व त्यावर मोठा ग्रंथ सिद्ध केला.

समाजवादी चळवळीचा इतिहास फाटाफुटीचा आहे, हे कबूल केले पाहिजे. त्यातील काही फाटाफूट तत्त्वासाठी होती. बरीचशी दुखावलेल्या अहंकारातून झाली आणि नंतर तिला तत्त्वाचे नाव देण्यात आले. अन्यायाचा संताप आवश्यकच आहे. परंतु तो संताप सहकाऱ्यावर, घरच्या माणसांवर वा स्वतःवर उलटतो तेव्हा काम बुडते. वीस वर्षे राबून कडवट झालेले कार्यकर्ते प्रत्येक तालुक्यात आहेत. क्रोध उठताना तो ओळखता येणे ही संघटनेच्या दृष्टीनेही मोलाची गोष्ट आहे. समता म्हणजे अन्यायाकडे काणाडोळा नव्हे. मन तोल सांभाळून असेल तर अन्याय अधिक स्पष्ट दिसतो आणि लढा अधिक काळ चालवता येतो.

अर्थात मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गंभीर मानसिक आजार असलेल्याने वैद्यकीय सल्ल्याविना अशा कठोर शिबिरात बसू नये. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला श्वास पाहण्याचा सल्ला देऊन पीककर्जाचा व हमीभावाचा प्रश्न झाकणे हा धम्माचा अपमान आहे. मालकाने कामाचे तास वाढवून कामगारांना ध्यानाचे वर्ग द्यावेत, हा प्रकार तर उघड फसवणुकीचा.

या अभ्यासवर्गाने तीन लहान गोष्टी हाती घेण्याजोग्या आहेत. कूटदंत सुत्ताचे सामुदायिक वाचन व चर्चा करावी. ज्यांची इच्छा असेल त्यांनी बैठकीपूर्वी वीस मिनिटे शांत बसावे. कोणावर सक्ती नसावी. आणि ज्या शेतमजूर स्त्री-पुरुषांना शिबिराला जावयाचे आहे, त्यांची दहा दिवसांची बुडणारी मजुरी शाखेने वर्गणी काढून भरून द्यावी. आळवीच्या शेतकऱ्याला आधी वाढलेले अन्न ते हेच. ते वाढण्याची जबाबदारी संघटनेची आहे.