थिबा राजवाडा : एका वास्तूची कथा
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील सभेत झालेले भाषण)



देवळाचे काम पुरे झाले, कळस चढला. अशा मंगल प्रसंगी राजवाड्याची गोष्ट कशासाठी, असे कोणाच्या मनात येईल. परंतु वास्तू देवाची असो वा राजाची, ती कोणामुळे उभी राहते आणि कशामुळे टिकते, हे समजून घेण्यास रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यासारखे दुसरे उदाहरण जवळपास नाही. अनेकांनी तो बाहेरून पाहिला असेल. त्याची हकीकत मात्र थोड्यांना ठाऊक असते.

थिबा राजा १८७८ साली ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या गादीवर बसला. मंडाले ही त्याची राजधानी. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले आणि राजाला कुटुंबासह प्रथम मद्रासेस व १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. रत्नागिरीच का, तर त्या काळी येथे रेल्वे नव्हती. मुंबईशी दळणवळण आगबोटीचे, आणि पावसाळ्यात दर्या खवळला की तेही बंद. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्री. तुरुंगाला वेगळ्या भिंती बांधण्याची गरजच नव्हती. त्याआधी १८५८ साली याच इंग्रजांनी दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला नेले होते. तो १८६२ साली तेथेच वारला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात, असा हा दैवाचा फेरा.

राजाने जवळजवळ चोवीस वर्षे बंगल्यांत काढली. पुढे भाट्याची खाडी व समुद्र दिसेल अशा उंच जागी सरकारने हा राजवाडा उभारला आणि १९१० साली राजा तेथे राहावयास गेला. तीन मजली इमारत, भिंती आपल्याच मातीतल्या जांभ्या दगडाच्या, लाकूड सागवानी, उतरते छप्पर आणि वर अर्धगोल नक्षीदार खिडक्या. बांधणीत ब्रह्मी वळण दिसते, पण अंगाला रंग कोकणचा. त्या वास्तूत राजाला जेमतेम सहा वर्षे मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच निवर्तला. त्याची समाधीही तेथेच आहे. राणी व मुली १९१९ मध्ये मायदेशी परतल्या. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली, येथेच तिने संसार केला आणि १९४७ साली देह ठेवला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन हे मुद्दाम रत्नागिरीस येऊन राजाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. शंभर वर्षे झाली तरी माणसे आपल्या माणसाचा ठाव शोधत येतात, ती अशी.

आता मुद्द्याचे बोलू. ज्याच्यासाठी वाडा बांधला तो राजा गेला, त्याचे कुटुंब गेले, बांधणारे सरकारही गेले. तरी वाडा उभा आहे. तो उभा राहिला तो कामी येत राहिला म्हणून. मध्यंतरी तेथे तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले, पुढे शासनाचे संग्रहालय झाले. माणसांचा वावर असला की गळती वेळेवर दिसते, वाळवी दिसते, भिंतीतून डोकावणारे पिंपळाचे रोप दिसते. बंद घराला कोकणचा पाऊस चार वर्षांत खातो, हे येथे कोणाला सांगायला नको.

आपल्या देवळाचेही तसेच आहे. कळसाला सर्वांनी हात लावला. पण दरवर्षी मृगाआधी शाकारणी कोण करणार, पन्हळीतला पाला कोण काढणार, सांजवात कोण लावणार? जीर्णोद्धार हा एका वर्षाचा उत्साह, निगा ही पिढ्यांची. म्हणून देणगीतील शिल्लक रकमेतून दुरुस्तीचा कायम निधी वेगळा ठेवावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी जत्रेआधी गावकीच्या बैठकीत वाचून दाखवावा. हिशेब उघडा राहिला की देणारा हात आखडत नाही.

दुसरी गोष्ट. राजवाड्याला नाव राहिले ते राजाचे. ज्या गवंड्यांनी जांभा घडवला आणि ज्या सुतारांनी त्या खिडक्या कोरल्या, त्यांची नावे मात्र आज कोणाच्या तोंडी नाहीत. आपल्याकडे असे होऊ नये. देणगीदारांची यादी या स्मरणिकेत आहे, ते योग्यच. तिच्या जोडीला श्रमदान करणाऱ्यांची नावेही देवस्थानच्या वहीत नोंदवावी. कोणी पाच हजार दिले, कोणी पाच दिवस चिरे वाहिले. कोण्या माउलीने कामकऱ्यांना रोज पेज घातली. देवाच्या दप्तरी या साऱ्या रकमा सारख्याच. तसेच जुन्या मंडपाचे उतरवलेले कोरीव खांब जळाऊ म्हणून विकू नयेत; सभामंडपाच्या कोपऱ्यात जपून ठेवावेत. नातवंडांनी विचारले तर हात लावून दाखवता येतील.

थिबा राजाला वाडा मिळाला, पण मायदेश सुटला. आपल्याला देऊळही आहे आणि गावही आहे. पोटासाठी मुंबईस गेलेल्यांना परत यावेसे वाटेल असे हे ठिकाण हसते-नांदते राहो, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.