पहिला घाणा



 

नॅनोपदार्थांवरच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. बावेंडी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली तापलेल्या द्रावकात रसायने एकदम सोडून जवळपास एकाच आकाराचे क्वांटम डॉट, म्हणजे अर्धवाहकाचे नॅनोकण, बनवले. पुढे ब्रूस आणि एकिमोव्ह यांच्यासह बावेंडींना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आढावा इथेच थांबवतो, कारण कितीतरी वर्षे मनात साठलेली एक गोष्ट मला आज बोलायची आहे. आपल्या विद्यापीठांत नॅनोपदार्थ बनवताना बिघडलेला घाणा कोणी लिहून ठेवत नाही.

सोन्याचे कलिल आपण सगळ्यांनी केले आहे. क्लोरोऑरिक आम्लाचे पातळ द्रावण उकळायचे, त्यात सोडियम सायट्रेट घालायचे. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट निळसर छटा येते आणि काही मिनिटांत द्राक्षासवासारखा लाल रंग उतरतो. टर्केविच यांची १९५१ ची ही पद्धत पुस्तकात चार ओळींत मावते. प्रयोगशाळेत ती मावत नाही.

एका मे महिन्यात आमच्याकडे लाल रंग उतरेचना. सतरा दिवस जांभळट निळेच द्रावण मिळत होते. आम्ही सायट्रेटची बाटली बदलली, हॉटप्लेट बदलली, मुलांवर ओरडलो. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी एक सुकलेला फ्लास्क उजेडात धरला आणि म्हणाले, "सर, हे पांढरे वळ बघा. हे आपलं पाणी नाही." डिस्टिलेशन प्लांट बंद पडला होता आणि कोणीतरी कॅनमध्ये टँकरने आलेले बोअरचे पाणी भरून ठेवले होते. क्षारांमुळे सोन्याचे कण एकमेकांना चिकटत होते. मीठ घातले की लाल द्रव निळा होतो, हे फॅरेडेने १८५७ सालीच सांगितले होते. आम्ही ते वर्गात शिकवतही होतो!

उत्तर सापडले, पण पुढे जे झाले ते मला आजही टोचते. विद्यार्थ्याने त्या सतरा दिवसांची पाने फाडली आणि फेअर जर्नल लिहून काढले. त्यावर सही माझी आहे. दोन वर्षांनी अशाच उन्हाळ्यात दुसऱ्या मुलीचा अख्खा महिना त्याच कारणाने गेला. तोवर मामा निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा आजही रिकामी आहे.

काल इथे वनस्पतींच्या अर्कातून कण बनवावेत की शुद्ध रसायनांतून, यावर बराच वाद झाला. मी एवढेच सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने तुळशीच्या अर्कातून चांदीचे कण केले. श्रावणातल्या पानांनी एक आकार दिला, चैत्रातल्या पानांनी दुसराच. प्रबंधात फक्त श्रावण छापला गेला. चैत्र छापला असता, तर कालचा वाद निम्म्यावर आला असता.

कोट्यवधींचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आपण घेतो, पण तो दाखवतो ते झालेले कण. ते कसे झाले, हे तो सांगत नाही. तरी परीक्षकापुढे ठेवायला मुले शंभर चित्रांतून एक देखणे चित्र निवडतात आणि आपण त्याला संशोधन म्हणतो. घरात पहिला घाणा बिघडला तर आई म्हणते, तेल तापले नव्हते. पुढच्या घाण्याचे शहाणपण तिथून येते. आपली मुले ते शहाणपण रद्दीत टाकतात, कारण आपण त्याला एकही गुण देत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की प्रत्येक प्रबंधात फसलेल्या घाण्यांचे एक प्रकरण असावे. या परिषदेने अशा नोंदींचा संग्रहही सुरू करावा. तो कोणी सांभाळायचा, कसा छापायचा, हे कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत बघावे.

फॅरेडेच्या लाल द्रवाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. त्या मे महिन्यातली एक बाटली माझ्या कपाटात आहे. वर नितळ पाणी आणि तळाशी काळपट थर. संग्रहाला जागा मिळाली की ती मी आणून देईन. लेबलवर तारीख आहे आणि "टँकरचे पाणी" असे मामांच्या अक्षरात लिहिलेले आहे.