रात्रीच्या वर्गाची कादंबरी
(रेडिओवरील भाषण)

अमेरिकेत केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात रोवन काउंटी म्हणून एक मुलूख आहे. १९११ साली कोरा विल्सन स्ट्युअर्ट या बाई तिथल्या शाळांच्या प्रमुख अधिकारी होत्या. दिवसा मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना त्यांनी गळ घातली, की रात्री मोठ्या माणसांसाठी शाळा उघडा. पगार काही मिळणार नव्हता. शिक्षक घरोघर फिरून बोलावणं करून आले. वाटा खडकांच्या आणि ओढ्यांच्या, म्हणून चांदण्या रात्री निवडल्या. त्यावरून नाव पडलं 'मूनलाइट स्कूल्स'. ५ सप्टेंबरला वर्ग सुरू झाले. अंदाज होता दीडशे माणसांचा, आली सुमारे बाराशे. कुणी १८ वर्षांचं, कुणी ८६ वर्षांचं. या शाळांवर तिकडे ऐतिहासिक प्रेमकादंबरी लिहिली गेली आहे. सुझान वुड्स फिशर यांची 'द मूनलाइट स्कूल' २०२१ साली प्रसिद्ध झाली.

अशी कादंबरी मराठीत यायला हवी, आणि ती आपल्या परभणी जिल्ह्यात घडायला हवी, हे सांगायला मी आज आलो आहे.

आपली ऐतिहासिक कादंबरी गडकोटांत आणि वाड्यांत रमली. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली आणि माधवराव-रमाबाईंचं प्रेम घराघरांत पोचलं. त्याच सुमाराला खेड्यापाड्यांत दुसरा एक इतिहास घडत होता. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. गावातले शिक्षक आणि चार बुकं शिकलेली पोरं रात्री देवळात, चावडीत, कुणाच्या ओसरीवर कंदील लावून वर्ग घेत. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उठवला होता, ते ग्रामदैवतापुढे शिक्षण चालू ठेवण्याची शपथ घ्यायचे. अशा समारंभाहून मोठा प्रसंग कादंबरीकाराला कुठला हवा?

परभणीच्या मातीत या कथेला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीचा कारभार उर्दूत, वरच्या शाळेचं माध्यमही उर्दू. तेव्हा घरात बोली मराठी आणि कागद उर्दूचा, अशी गत होती. आता कल्पना करा, त्या काळात उर्दू शिकलेला एक तरुण शेतकरी आहे. त्याला उर्दू अर्ज झरझर वाचता येतो, पण मराठी मुळाक्षरं त्यानं कधी गिरवलेली नाहीत. रात्रीच्या वर्गात तो बायकोच्या शेजारी बसतो आणि दोघं एकाच पाटीवर 'ग म भ न' काढतात. त्या दिव्याखाली नवरा-बायको पहिल्यांदाच बरोबरीचे होतात. प्रेमकथेला याहून बळकट पाया कुठे सापडेल?

एक प्रसंग तर कादंबरीत यायलाच हवा. खुरपं-विळा धरून घट्टे पडलेला हात पाटीवरची पेन्सिल इतकी दाबतो, की ती तुटते. मास्तर दुसरी देतात, तीही तुटते. मग हात हळूहळू सैल पडतो. बाई आधी आपलं नाव गिरवते. पण सही पुरी व्हायची तर मधे नवऱ्याचं नाव लागतं आणि ते तर तिनं उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलेलं नाही. वर्गातल्या बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. ती मान खाली घालते आणि एकेक अक्षर जोडत ते नाव लिहून काढते. जे कधी उच्चारलं नाही ते तिच्या हातचं आता पाटीवर आहे. नवऱ्यानं ते वाचलं तर तो काय बोलेल? पुढचं प्रकरण तिथून सुरू होतं.

अशा नात्याची साक्ष आपल्या इतिहासात आहे. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं आणि १८५५ साली दोघांनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना टोचून खाल्लं. हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवलं आहे. नवऱ्याचं प्रेम आणि घरचा जाच एकाच पुस्तकापायी वाट्याला आला. रानड्यांचं घर शिकलेलं होतं म्हणून ते लिहिलं गेलं. गंगाखेड-पालम भागातल्या एखाद्या घरातलं तसंच दुःख मात्र कागदावर आलंच नाही.

ही कादंबरी लिहिणाऱ्याला माझी एक विनंती आहे. वर्गात येणाऱ्या बाईला अडाणी रंगवू नका. गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जनाबाई आणि विठ्ठल यांच्यावरच्या ओव्या जात्यावर म्हणत आपल्या आया-आज्यांच्या पिढ्या गेल्या. त्यांच्याकडे पाठांतर होतं, भाषा होती, हिशेबाची जाण होती. कमी होती ती फक्त अक्षरांची, आणि तेवढ्याच उणिवेचा लोकांनी फायदा घेतला. मोंढ्यावर कापसाच्या वजनाची चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'एक कोयता' म्हणून मोजायचं, उचलीचा आकडा मुकादमानं वहीत लिहायचा आणि त्याखाली यांनी अंगठा उठवायचा. तो आकडा बाईनं स्वतः वाचला आणि "दादा, हे चुकलंय" असं मुकादमाला सगळ्यांदेखत सांगितलं, हा कादंबरीचा कळस व्हावा.

मोठ्या माणसांना अक्षरं शिकवण्याचं हे काम अजून संपलेलं नाही. उल्लास-नवभारत साक्षरता कार्यक्रमाची राज्यभर परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०, असे १५० गुण. आजीबाई पेपर लिहीत होत्या आणि काहींना शिकवणारी त्यांचीच नातवंडं होती.

मात्र १९६०च्या दशकात देवळात बसून शिकलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या घरी, गल्लीत, शेजारच्या वस्तीत असेल तर आज-उद्यातच जवळ बसा आणि विचारा. वर्ग कुठे भरायचा? मास्तर कोण होते? लेकरू कुणी सांभाळलं? घरात कोण रागावलं आणि कोण पाठीशी उभं राहिलं? पहिल्यांदा स्वतः काय वाचलं? सांगतील ते त्यांच्याच बोलीत वहीत उतरवा, वर तारीख टाका आणि ती वही तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या. कादंबरी लिहिणारा उद्या येईलच. तो येईल तेव्हा ही वही त्याच्या हाती पडायला हवी.