अडखळणारे थेट प्रक्षेपण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याचा आवाज मंडपाच्या कनातीबाहेर जाण्याची सोय नव्हती. आज काष्टीतले कीर्तन, लग्न किंवा ग्रामसभा साध्या फोनवरून साता समुद्रांपलीकडे दिसू शकते. 'दिसू शकते' असेच म्हणावे लागते. कारण ऐन मंगलाष्टकांत पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते आणि अंतरपाट धरलेलाच राहतो. आता, हा सारा खटाटोप कोणासाठी असतो? ज्याला येणे शक्य नाही, त्याच्यासाठी. सीमेवरचा जवान, अंथरुणाला खिळलेली आजी, परदेशी नोकरीला गेलेला मुलगा यांच्यासाठी. नेमका त्यांचाच क्षण हुकत असेल, तर हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही. म्हणून आज त्याची थोडी उकल करू.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. त्याचा कार्यक्रम शंभर घरांत लागो की लाख घरांत, क्षेपकाचे काम वाढत नाही. लहरी सर्वांसाठी एकच असतात. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण तसे नाही. तेथे प्रत्येक पाहणाऱ्याला त्याची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाखांच्या घरात लोक पाहत होते. एवढ्या प्रती एका ठिकाणाहून पाठवणे अशक्य. म्हणून ठिकठिकाणच्या शहरांत यंत्रे ठेवून तेथून त्या वाटतात. म्हणजे चित्र आपल्या घरी येते ते अनेक हातांतून.

मग हे 'बफर' म्हणजे काय? आपल्या श्रीगोंदे तालुक्याला कालव्याचे आवर्तन आणि शेततळे या दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत. कालव्याचे पाणी कधी येते, कधी ओसरते; पिकाला मात्र नेमाने हवे. म्हणून मध्ये तळे. फोनातला बफर हेच काम करतो. येणारी माहिती तो आधी साठवतो आणि मग एका गतीने पडद्यावर सोडतो. आवक खपापेक्षा कमी पडली की तळे आटते, चित्र थांबते आणि चक्र फिरू लागते. जुना चित्रपट पाहताना पुढची दहा मिनिटे आगाऊ भरून ठेवता येतात. थेट प्रक्षेपणात ती सोय नाही. वक्त्याने न उच्चारलेले वाक्य कोणी कसे साठवावे?

२००९ पासून ॲपलने रूढ केलेल्या पद्धतीत प्रक्षेपणाचे छोटे तुकडे करून पाठवतात. तुकडा सहा सेकंदांचा असेल आणि तीन तुकडे जमल्यावर चित्र सुरू होत असेल, तर आपण किमान अठरा सेकंद मागे असतो. शेजारच्या घरात षटकाराची आरोळी आधी उठते, ती म्हणूनच. ताजेपणा आणि सलगपणा यांचे असे वाकडे आहे. कीर्तनाला वीस सेकंदांच्या उशिराने काही बिघडत नाही. तेव्हा प्रक्षेपण करणाराने 'अत्यल्प विलंब' हा पर्याय हौसेने निवडू नये. नेहमीचा विलंब ठेवला की तळे मोठे राहते.

आता दोष शोधण्याची रीत. पहिला प्रश्न हा : अडखळते ते सर्वांना, की एकट्याला? वेगवेगळ्या गावच्या दोघा-तिघांना फोन करून विचारावे. सर्वांचेच थांबत असेल, तर दोष कालव्याच्या मुखाशी, म्हणजे पाठवणाराकडे आहे. एकट्याचेच थांबत असेल, तर त्याच्या घरी शोध घ्यावा.

घरच्या दोषाची तपासणी सोपी आहे. फोन राउटरच्या शेजारी नेऊन पाहावा. तेथे चित्र सुरळीत चालले, तर अडथळा भिंतींचा आणि अंतराचा. घरातली इतर यंत्रे काही उतरवून घेत असतील, तर ती थांबवावी. तरीही न जमल्यास चित्राचा दर्जा स्वतः एक पायरी खाली आणावा. मोबाइलच्या टॉवरची शक्ती तर त्याच्या छायेतल्या सर्वांत वाटली जाते. शनिवारी बाजाराला माणसांची आणि फोनांची दाटी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणारच. त्यात फोनचा दोष नाही.

पाठवणाराचे काम अधिक जोखमीचे. येणारा वेग आणि जाणारा वेग हे दोन निराळे. आपण पाहतो पहिला आणि प्रक्षेपणाला लागतो दुसरा. कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रमाच्याच वेळेला, आदल्या दिवशी जाणारा वेग मोजावा आणि त्याच्या निम्म्याहून फार अधिक खर्चू नये. ८ मेगाबिट मिळत असतील, तर ४ मेगाबिटांचे चित्र पाठवावे; उरलेले चढउतारासाठी राखावे. शक्य तेथे वायफायऐवजी तार जोडावी. फोन उन्हात ठेवू नये. तापला की तो आपली गती स्वतःच कमी करतो. आणि त्याच वेळी एक प्रत जागेवर मुद्रित करून ठेवावी.

दर्जा कमी करण्यात कमीपणा मानू नये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे सारा देश घरी बसला, तेव्हा येथील मोठमोठ्या चित्रसेवांनी मोबाइलच्या जाळ्यावरील आपले चित्र काही काळ ४८० रेषांपर्यंत उतरवण्याचे ठरवले. सर्वांना थोडे मिळावे म्हणून प्रत्येकाने थोडे सोडले. आवर्तनात टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचायचे, तर मुखाजवळच्याने हात आखडता घ्यावा लागतो, तोच हा न्याय.

शेवटी एक हिशेब सांगतो. ४ मेगाबिटांचे चित्र तासाला सुमारे १,८०० मेगाबाइट खाते. ६४ किलोबिटांचा आवाज तेवढ्याच वेळात २९ मेगाबाइटांत भागतो. म्हणजे आवाज साठपटीहून हलका. म्हणून जोड कच्चा असेल, तेथे चित्र बंद करून आवाज तेवढा पाठवावा. मुलीच्या लग्नाची मंगलाष्टके अखंड कानी पडली, तर दूरच्या बापाला पुष्कळ मिळाले. सुंदर पण गोठलेल्या चित्राने त्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रक्षेपणाची कसोटी मांडवातल्या हौशी माणसाच्या पडद्यावर नाही, सर्वांत दुबळ्या जोडावर बसलेल्या त्या एका माणसाच्या कानावर आहे. त्याच्यापर्यंत शब्द पोचला की यंत्राचे काम झाले.