ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि राज्यशास्त्राचा संशोधक

(चेंबूर येथे पदव्युत्तर विद्यार्थी, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएच.डी. करू इच्छिणारा विद्यार्थी बहुधा ‘भारताचे परराष्ट्र धोरण’ असा अफाट विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जातो. त्यावर ग्रंथमाला होईल, प्रबंध होणार नाही. प्रबंधाला एक नेमका प्रश्न हवा आणि तो सोडविण्याजोगे कागद हाताशी हवेत.

असा एक प्रश्न चेंबूरच्या दाराशीच आहे. येथून जवळ, ट्रॉम्बे येथे ‘सायरस’ नावाची अणुभट्टी होती. कोलंबो योजनेखाली कॅनडाने ती दिली. जड पाणी अमेरिकेने पुरविले. १९५६ साली करार झाला, १९६० मध्ये भट्टी कार्यान्वित झाली. तिचा उपयोग केवळ शांततामय कार्यासाठी व्हावा, असे करारात होते. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियम याच भट्टीतले. भारताने त्या चाचणीस शांततामय म्हटले; कॅनडाने ते मानले नाही व अणुसहकार्य थांबविले. अणुसामग्री पुरविणाऱ्या राष्ट्रांचा गट स्थापन झाला, तोही या घटनेमुळेच. पुढे अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वाटाघाटींत ही भट्टी बंद करण्याचे ठरले आणि २०१० च्या अखेरीस ती बंद झाली.

एकाच शब्दाचा दोन शासनांनी निरनिराळा अर्थ का लावला? करार करणाऱ्यांनी ही संदिग्धता जाणूनबुजून ठेवली काय? प्रबंधास एवढा प्रश्न पुरे. किंबहुना थोडा मोठाच आहे.

कागदपत्रांची वाट मात्र बिकट. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही देशाची सुरक्षितता व परराष्ट्र संबंध यांना अपवाद आहे. साहजिकच, घरालगतच्या भट्टीचा इतिहास शोधणाऱ्यास वॉशिंग्टन व ओटावा येथील खुल्या झालेल्या दप्तरांकडे वळावे लागते, आणि आपली बाजू परक्यांच्या टिपणांतून वाचावी लागते. हे मला खटकते. गोपनीयतेची गरज कोणी नाकारीत नाही. पण गरज संपल्यावरही कपाटात पडून राहणाऱ्या धारिका अभिलेखागारात पाठविणे, हे येथे बसलेल्या अधिकारी बंधूंच्या हातचे काम आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.ची मुदत किमान ३ व सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे ठरविली आहे. ती फार नाही. तेव्हा कोणते कागद मिळतात हे प्रथम पाहावे आणि शीर्षक मागाहून ठरवावे.