विभागप्रमुखाच्या हातातला तराजू

(गणेशोत्सवातील व्याख्यानात एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेले भाषण)



समितीची मंडळी घरी आली तेव्हा "सर, काहीतरी शिक्षणावर बोला" एवढेच म्हणाली. बाप्पा विद्येची देवता, तेव्हा विषय योग्यच आहे. पण आज मी विद्यार्थ्यांविषयी नाही, शिक्षकांविषयी, आणि त्यातही विभागप्रमुखांविषयी बोलणार आहे. काही आजी-माजी विभागप्रमुख समोरच बसले आहेत. त्यांनी राग मानू नये. सुरुवात मी स्वतःपासूनच करतो.

मी सहा वर्षे विभागप्रमुख होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. आमच्याकडे प्रमुखपद पाळीने येई. माझी पाळी आली, एक आदेश हातात पडला, कपाटाच्या किल्ल्या मिळाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मी प्रमुख! वेळापत्रक कसे लावावे, कोणते काम कोणाला द्यावे, हे कोणी शिकवले नाही. आधीचे सर करीत तसेच मी केले.

आमच्या विभागात दोन मॅडम होत्या. कार्यक्रम असला की स्वागत, रांगोळी आणि चहापान त्यांच्याकडे. परीक्षा, खरेदी आणि बाहेरच्या सभा पुरुष मंडळींकडे. बस्तरचा एक तरुण सहकारी होता. आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे सगळे फॉर्म मी त्याच्याकडे दिले, आणि वर "त्यांचे तुलाच चांगले समजते" असेही म्हणालो. मला वाटे, मी सर्वांना सांभाळून घेतो आहे.

पदोन्नतीचा अर्ज भरताना धाकट्या मॅडम माझ्याकडे आल्या. प्रशासकीय कामाचा रकाना दाखवून म्हणाल्या, "सर, अकरा वर्षे नोकरी झाली. इथे काय लिहू? रांगोळी?" त्या रागावल्या नव्हत्या, खरोखरच विचारत होत्या. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या वर्षी त्यांची पदोन्नती हुकली. त्यात दोष नियमांचा नव्हता, मी वाटलेल्या कामांचा होता.

मित्रहो, हे दुखणे जुने आहे. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. परदेशात शिकून आलेला हा विद्वान. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप सहकाऱ्यांनीच घेतला. आक्षेप घेणारेही शिकलेलेच होते. म्हणजे पदवीने दृष्टी येतेच असे नाही.

दुसरे उदाहरण कमला सोहोनी यांचे. दुर्गाबाई भागवतांच्या त्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या, तेव्हा संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटून बसल्या. शेवटी एक वर्ष पारखून पाहू, या अटीवर त्यांना घेतले. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी स्त्रियांसाठी संस्थेचे दार उघडले. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. नोबेल मिळवलेला माणूसही चुकू शकतो आणि चूक सुधारूही शकतो. पण दर वेळी एखाद्या कमलाबाईंनीच का झगडावे? प्रमुखाला आधीच का शिकवू नये?

बाहेरच्या देशांत हा विचार झाला आहे. अमेरिकेच्या एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स या प्राध्यापिकेने टेप घेऊन प्रयोगशाळांची जागा मोजली. स्त्रियांच्या वाट्याला जागा कमी आली होती. इतर प्राध्यापिकांनाही तसाच अनुभव होता. १९९९ च्या अहवालात भेदभाव होत असल्याचे उघडपणे मांडले गेले. मिशिगन विद्यापीठाने २००२ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. तिथल्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी आधी स्वतः या विषयाचा अभ्यास केला, मग निवड समित्यांवरील सहकाऱ्यांना समजावून सांगितले. सांगणारा आपल्यातलाच, म्हणून ऐकणारा ऐकतो.

आपल्याकडे १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. आपल्या रविशंकर विद्यापीठातही असे केंद्र आले. मीही असे वर्ग केले. विषयाचे ज्ञान वाढले, पण विभाग न्यायाने कसा चालवावा, यावर मला एकही तास मिळाला नाही. २०१२ मध्ये अनुदान आयोगाने विद्यार्थ्यांशी भेदभाव होऊ नये म्हणून नियम काढले. विज्ञानसंस्थांत स्त्रियांना पुढे आणण्यासाठी केंद्राने २०२० मध्ये 'गति' हा उपक्रम सुरू केला. हे चांगलेच आहे. पण सोमवारी सकाळी आठचा तास कोणाला द्यायचा आणि प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे ठेवायची, हे नियमावली ठरवत नाही. ते प्रमुख ठरवतो.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. पद हाती येण्याआधी नव्या प्रमुखाला निदान तीन दिवस माजी प्रमुखांबरोबर बसवावे. यश सांगणारे नकोत, चुका सांगणारे हवेत. कोणी कोणते काम केले याची एक वही विभागात सर्वांसमोर असावी आणि कामे फिरती ठेवावीत. निवडीचे निकष अर्ज उघडण्याआधी लिहून काढावेत, माणूस पाहून नव्हे.

ही वहीची कल्पना माझी नाही. त्याच मॅडम पुढे प्रमुख झाल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी वही काढली. चहापानाच्या रकान्यात पहिले नाव माझे होते! मी चहा दिला आणि त्या दिवशी सर्वांसमोर त्यांची माफीही मागितली. बस्तरच्या सहकाऱ्याकडे परीक्षेचे काम आले. शिष्यवृत्तीचे फॉर्म आम्ही सर्वांनी वाटून घेतले, आणि ते किती किचकट असतात ते मला तेव्हा कळले.

आपण सदर बाजारात राहतो, सराफांच्या शेजारी. चांगला सराफ सोने ठेवण्याआधी रिकामी पारडी पाहतो. ती सारखी नसतील तर पुढचे सगळे माप चुकते, मग मनात खोट असो वा नसो. विभागप्रमुखाने आधी पाहायची ती ही रिकामी पारडी.

आणि जाता जाता, आपल्या समितीतही प्रसाद आणि हळदीकुंकू कोणाकडे असते आणि हिशेबाची वही कोणाकडे असते, हेही एकदा पाहावे. मी आणि माझ्यासारखे निवृत्त प्राध्यापक नव्या प्रमुखांबरोबर बसायला तयार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी संध्याकाळी घरी यावे. आता चहा मला चांगला करता येतो.

गणपती बाप्पा मोरया!